तुम्ही विचारलंत म्हणून: माझी टीम कुठली?

पेनसिल्व्हेनियात राहते म्हटल्यावर सप्टेंबर लागला की ऑफिसात हा प्रश्न ठरलेलाच, अमेरिकन फुटबॉलच्या इथल्या दोन टीमपैकी तुझी कुठली, ईगल्स की स्टीलर्स? पुण्याहून मामाचा फोन आला की तोही विचारतो, "काय गं, त्या अंड्यासारख्या बॉलच्या धक्काबुक्कीत तू कुणाच्या बाजूने?" सगळ्यांना माझं उत्तर एकच, कार्लाइल, 1912. लोकांना वाटतं मी चेष्टा करतेय, कारण कार्लाइल ही इथलीच एक शाळा, आणि ती 1918 मध्येच बंद पडली. चेष्टा नाहीये, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

कार्लाइल इंडियन स्कूल हे खरं तर कॉलेजही नव्हतं. 1879 मध्ये रिचर्ड प्रॅट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने जुन्या छावणीत काढलेली निवासी शाळा, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी (त्यांनाच तिथे इंडियन म्हणायचे). मुलांना घरापासून शेकडो मैल लांब आणायचं, केस कापायचे, नावं बदलायची, स्वतःची भाषा बोलू द्यायची नाही. आतला इंडियन मारायचा आणि माणूस वाचवायचा, हे प्रॅटचं तत्त्व, आणि ते तो उघडपणे भाषणात सांगायचा. कितीतरी मुलं तिथेच आजारी पडून गेली. त्यांची दफनभूमी अजून आहे आणि 2017 पासून काही मुलांचे अवशेष त्यांच्या जमातींकडे परत पाठवले जातायत. हे सगळं आधी सांगितलं कारण नाहीतर पुढची गोष्ट फक्त "गरीब पोरांनी बड्यांना हरवलं" छाप होते, आणि ती तशी नाहीये.

तर या शाळेची फुटबॉल टीम हार्वर्ड, पेन (पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ), आर्मी (वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी) असल्यांशी खेळायची, तेही बहुतेक त्यांच्याच मैदानावर, कारण तिकिटांचा पैसा तिकडे. म्हणजे सीझनभर पोरं ट्रेनमध्ये. 1912 मध्ये तर वॉशिंग्टनला जॉर्जटाउनला हरवलं आणि लगेच कॅनडात जाऊन टोरंटोला 49-1 असं धुतलं, त्यातही अर्धी मॅच तिकडच्या नियमांनी! "पोरं" म्हणतेय खरी पण काही चांगले विशी ओलांडलेले होते. जिम थॉर्प त्यातलाच, सॅक अँड फॉक्स जमातीचा, त्याच उन्हाळ्यात स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन दोन्हींची सुवर्णपदकं घेऊन आलेला, आणि आल्यावर पुन्हा शाळेच्या टीममध्ये.

त्या वर्षी नियमही बदलले होते. दहा यार्ड पुढे जायला तीनऐवजी चार प्रयत्न मिळायला लागले, टचडाउनचे, म्हणजे बॉल समोरच्याच्या शेवटच्या रेषेपार नेण्याचे, पाचाचे सहा पॉइंट झाले. कोच पॉप वॉर्नर नियमांच्या फटी शोधण्यात एकदम तरबेज. त्याच्याकडे अंगाने हलकी पण पळणारी पोरं, समोर धिप्पाड गडी, मग त्याने डबल विंग काढली. मागच्या फळीतल्या दोघांना दोन्ही कडांना नेऊन उभं करायचं, म्हणजे बॉल डावीकडून जाणार, उजवीकडून जाणार की हवेतून, समोरच्याला शेवटपर्यंत पत्ता लागत नाही.

ही चाल 9 नोव्हेंबरला वेस्ट पॉइंटवर आर्मीला चांगलीच भोवली. पहिला टचडाउन आर्मीचा, हाफटाइमला कार्लाइल फक्त 7-6 ने पुढे. थॉर्पला अडवायला आर्मीकडून जे जीव तोडून धावत होते त्यात आयझेनहॉवर नावाचा एक कॅडेट होता, हो, तोच, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला. आर्मीच्या कॅप्टनला तर मारामारी केली म्हणून बाहेर काढलं. क्वार्टरबॅक, म्हणजे मैदानात चाली ठरवणारा, गस वेल्श, आणि थॉर्प, आर्कासा, गायॉन हे चौघं नुसते सुटले होते, शेवटी स्कोअर 27-6. अमेरिकी सैन्याने मूळ रहिवाशांचं वूंडेड नीला केलेलं हत्याकांड होऊन तेव्हा बावीसच वर्षं झाली होती, त्यामुळे लोक याला सूड म्हणतात. मला नाही पटत. सूड घ्यायला स्वतःहून रणांगण निवडावं लागतं, इथे मैदानही त्यांचं, खेळही त्यांचा, आणि शाळाही त्यांचीच. मला आवडतं ते एवढंच की त्यांच्याच खेळात हे लोक त्यांच्यापेक्षा जास्त डोकं लावून खेळत होते.

बाकी सीझन म्हणाल तर 14 मॅच, 12 जिंकल्या, वॉशिंग्टन अँड जेफर्सनशी 0-0 बरोबरी आणि पेनकडून 34-26 हार, ती पण आर्मीला हरवल्यावर बरोबर आठवड्याने, म्हणजे दमले असणार हो! एकूण 504 पॉइंट.

आणि मग जानेवारी 1913. पेपरात आलं की थॉर्प आधी नॉर्थ कॅरोलिनात किरकोळ पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. तेव्हा ऑलिम्पिक फक्त हौशी खेळाडूंसाठी असायचं. झालं, हौशी खेळाडू नाही म्हणून पदकं काढून घेतली. उन्हाळ्यात असं खेळणारे कॉलेजची पोरं ढिगाने होते, फक्त ते दुसरं नाव लावायचे, हा आपला स्वतःच्या नावाने खेळला. वॉर्नर म्हणे आपल्याला काहीच माहीत नव्हतं. मला यावर काडीचाही विश्वास नाही. 1982 मध्ये ऑलिम्पिक समितीने थॉर्पला अर्धवट न्याय दिला, म्हणजे संयुक्त विजेता, आणि एकटा विजेता म्हणून नाव लागायला 2022 उजाडलं. तो गेला 1953 ला.

वॉर्नरचं पुढे छान झालं. 1914 मध्ये संसदेच्या समितीने शाळेची चौकशी केली, तीही खुद्द विद्यार्थ्यांनी अर्ज केला म्हणून, आणि त्यात पुढे होता हाच गस वेल्श. शिवीगाळ, फुटबॉलच्या पैशाचा कारभार, सगळं त्याने साक्षीत सांगितलं, ज्या कोचच्या हाताखाली जिंकला त्याच्याच विरोधात. वॉर्नर तिथून निघून पिट्सबर्गला गेला, तिकडेही जिंकत राहिला. आज अमेरिकेत लहान मुलांच्या फुटबॉल लीगला त्याचं नाव आहे, आमच्या गल्लीतली मुलं त्या नावाचे टीशर्ट घालून फिरतात. माझं विचाराल तर त्या टीशर्टवर वेल्शचं नाव हवं होतं.