रेड्याच्या कानातला पक्षी आणि गुरांचे डॉक्टर

केनियात मसाई मारामध्ये मराठी पर्यटकांना जंगल दाखवणं हे माझं काम. गाडीत बहुतेकांना सिंह हवा असतो. त्या सकाळी मात्र गटातले एक काका रानरेड्यांच्या कळपापासून गाडी हलवू देईनात. सांगलीकडे त्यांनी आयुष्यभर गुरांची डॉक्टरकी केलेली. रेड्यांच्या पाठीवर ऑक्सपेकर होते, म्हणजे जनावरांच्या अंगावरचे गोचीड टिपणारे पक्षी; तांबड्या चोचीचे आणि पिवळ्या चोचीचेही.

"गोचीड तर सगळ्याच जनावरांना असतात. मग हा रेडाच का धरतो?"

मी सांगितलं, जनावर मोठं तितके पूर्ण वाढलेले गोचीड जास्त. म्हणून रेडा, जिराफ, गेंडा आधी. तो ज्यांच्यावर नेहमी बसतो, त्यांत हरणासारखा इम्पाला सर्वांत लहान. पण गोचीड असून भागत नाही, जनावरानं बसू द्यायला हवं. हत्ती सहसा या पक्ष्याला थारा देत नाही.

काकांनी दुर्बीण लावली. "आता कानात जाईल बघ." पक्षी सरळ मानेवरून गेला आणि त्यानं कानात डोकं खुपसलं. "मग शेपटीखाली." तेही खरं ठरलं! गोचीड कुठे दडतात हे त्या माणसानं वर्षानुवर्षं बोटांनी चाचपलेलं. इतका नेमका अंदाज मी कुणाकडून ऐकला नव्हता.

मग दुसरा पक्षी खांद्यावरच्या जखमेकडे वळला. खपली उकरून रक्त पिऊ लागला.

"अरे, भरत आलेली जखम होती ती!" काका कळवळले.

मला या पक्ष्याला नुसता जनावरांचा मित्र म्हणणं पटत नाही. त्याला रक्तच आवडतं, आणि फुगलेला गोचीड म्हणजे रक्तच. झिम्बाब्वेत बैलांवर झालेल्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पक्षी दूर ठेवूनही मोठे गोचीड फारसे वाढले नव्हते. पक्षी असताना जखमा मात्र जास्त होत्या. तरी तो नाहीसा व्हावा असं मला कधीच वाटलं नाही. दक्षिण आफ्रिकेत बुळकांडीच्या साथीनं रेडे मेले, गोचीड मारायला गुरांना विषारी आर्सेनिकच्या हौदातून काढू लागले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पिवळ्या चोचीचा ऑक्सपेकर तिथून संपला. तिथल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात तो पुन्हा दिसला १९७९ साली.

बुळकांडी म्हटल्यावर काका सावरून बसले. आमच्या मसाई चालकाच्या घरी गुरं आहेत, हे त्यांना ठाऊक होतं.

"त्याला विचार, गोचिडाला कुठलं औषध मारतात?"

मी दुभाष्या झालो. काकांनी औषधाचं नाव वहीत उतरवलं आणि त्याला सांगायला लावलं, "फवारणीनंतर पक्षी गुरांवर बसतात का, तेवढं बघत जा म्हणावं."