फाइल पिकर अपडेट: पाथची पट्टी जमली, सेव्ह बाकी

मंडळी, लिनक्सवरचा माझा फाइल पिकर (फाइल उघडताना किंवा सेव्ह करताना ती निवडायची खिडकी) बराच पुढं सरकलाय. पायथन आणि क्यूटी (खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) तेच आहे, फक्त क्यूटीची तयार खिडकी क्यूफाइलडायलॉग सोडून दिली, लिस्टमागं फोल्डरांची माहिती पुरवणारं क्यूफाइलसिस्टममॉडेल ठेवलंय.

या खेपेला सगळा वेळ वरच्या ब्रेडक्रंबनं, म्हणजे पाथमधल्या फोल्डरांच्या बटणांच्या पट्टीनं, खाल्ला. जीटीके या क्यूटीसारख्याच दुसऱ्या लायब्ररीच्या फाइल डायलॉगमधली एक गोष्ट मला जाम आवडते, खोलातल्या फोल्डरमधून वर आलात तरी खालच्या फोल्डरांची बटणं पट्टीवर तशीच राहतात, म्हणजे वर जाऊन नुसतं डोकावायचं आणि एका क्लिकमध्ये परत खाली. विंडोजमध्ये व्हिस्टापासून जी पट्टी आहे तिच्यात वर गेलं की खालचं पुसलं जातं, पण नावाशेजारचा बाण दाबला की आतले सबफोल्डर उघडतात, शेजारच्या फोल्डरात जायला याहून सोपं काही नाही. मी दोन्ही उचललंय, खालची बटणं फिकट रंगात राहतात आणि बाण पण आहे. जागा कमी पडली तर मधली बटणं तीन टिंबांच्या मेन्यूत जातात, नावं कापत नाही, कारण कोडपॉइंट (युनिकोडमधली एकेक खूण, मात्रा आणि हलन्त पण वेगळे) मोजून कापलं तर 'शिष्यवृत्ती'चं 'शिष्' होतं आणि ते बघवत नाही.

मग टायपिंग. 2004 मध्ये जीटीके 2.4 चा नवा डायलॉग आला तेव्हा फाइल उघडताना पाथ टाकायची चौकटच समोर नव्हती, कंट्रोल-एल दाबायचं हे माहीत असलं तर ठीक, नाहीतर बसा क्लिक करत. पुढं जीटीके 3 मध्ये टाइप केलं की थेट सर्च सुरू, मला तर त्याच फोल्डरातल्या नावावर उडी हवी असते हो! म्हणून माझ्याकडं अक्षर दाबलं की उडी, स्लॅश किंवा टिल्डे (~) दाबला की पाथची चौकट, आणि सर्च फक्त कंट्रोल-एफवर. एका कीचे दोन अर्थ नकोत.

थंबनेलचा (फाइलींच्या छोट्या चित्रांचा) ग्रिड पण आहे, जीटीकेच्या डायलॉगमध्ये तो यायला 4.10 म्हणजे 2023 उजाडलं, त्यावर जास्त बोलत नाही.

सॉर्टिंगला क्यूटीचा क्यूकोलेटर (भाषेच्या नियमानं नावं लावणारा) मराठी लोकेलवर, म्हणजे मराठीच्या नियमांवर, टाकला. नुसत्या युनिकोड क्रमानं ळ हा ल आणि व च्या मधे येतो आणि 'क्षेत्रफळ' क मध्ये घुसतं, आपल्याला हे दोन्ही ह नंतर हवेत.

आता सेव्ह. फ्लॅटपॅक (अ‍ॅप बाकी सिस्टमपासून वेगळं ठेवून चालवायची पद्धत) मधल्या अ‍ॅपला पोर्टलमधून, म्हणजे बाहेरच्या फाइली देणाऱ्या मध्यस्थामधून, फाइल दिली की त्या अ‍ॅपला बऱ्याचदा खरा फोल्डर दिसतच नाही, पोर्टलनं बनवलेला भलताच पाथ दिसतो, तेव्हा मागच्या वेळचा फोल्डर अ‍ॅपनं लक्षात ठेवण्यात अर्थ नाही, पिकरनंच प्रत्येक अ‍ॅपसाठी तो वेगळा साठवायचा, आणि उघडायचा वेगळा, सेव्हचा वेगळा. पुढचं काम हेच.