फोटोंच्या पोटात फोटो

आईच्या एकसष्टीचे फोटो आल्यावर म्हटलं, आता तरी जुन्या हार्डडिस्कवर नीट बॅकअप घेऊ. ऑफिसातल्या मित्राने आरसिंकची, म्हणजे फायली कॉपी करणाऱ्या प्रोग्रामची, एक आज्ञेची ओळ पाठवली. ठाणे लोकलमध्ये उभ्याउभ्या वाचली, नौपाड्याला घरी येऊन जशीच्या तशी चिकटवली आणि जेवायला बसलो. हात धुऊन बघतो तर डिस्कवरच्या 'फोटो' फोल्डरच्या पोटात आणखी एक 'फोटो', आणि इतक्या वर्षांचं सगळं दुबार!

घोळ एका तिरक्या रेघेचा. जिथून कॉपी करायचं त्या फोल्डरच्या नावाच्या शेवटी ती रेघ असेल तर डब्यातला माल जातो. नसेल तर डब्यासकट. "अरे, ते सगळ्यांचंच एकदा होतं," मित्र म्हणाला. मग आधी सांगायचं ना!

रात्री मॅन पेज, म्हणजे आरसिंकचं माहितीपान, उघडलं. ओळीतला 'ए' हा एकटा पर्याय नाहीच; आतल्या फोल्डरांत शिरणं, तारखा, परवानग्या, मालकी अशा सात पर्यायांची ती मोळी. १९९६ सालचं हे हत्यार, मंद जोडणीवरून फाइलचा बदललेला भाग तेवढा पाठवण्यासाठी घडवलेलं. लिहिणाऱ्यांनी अक्षरांतही काटकसर केलेली दिसते.

कामाचा सापडला तो 'एन', म्हणजे रंगीत तालीम: काय होईल ते दाखवतो, करत काही नाही. सोबत 'आय' दिला की फाइलवार यादी येते. आतला दुबार फोल्डर उडवून मी रेघ टाकली, पण पोहोचवायच्या जागी 'बॅकअप/फोटो'ऐवजी नुसतं 'बॅकअप' लिहिलं, वर 'डिलीट'. यादीत ओळीमागून ओळ 'डिलीटिंग': आईचे सोनोग्राफीचे रिपोर्ट, सोसायटीचे कागद, बाबांचं पेन्शन. मूळ फोल्डरमध्ये जे नाही ते पलीकडेही ठेवायचं नाही, एवढंच त्या 'डिलीट'ला कळतं. 'एन' नसता तर? पंख्याखाली घाम फुटला.

जागा सुधारून खरी कॉपी केली. तरी पुढच्या तालमीत निम्म्याएक फायली परत यादीत! ओळीच्या सुरुवातीला अकरा खुणा असतात. त्यांत 'एस' म्हणजे आकार बदलला, 'टी' म्हणजे वेळ. इथे नुसता 'टी'. डिस्क जुन्या 'फॅट' पद्धतीने फायली साठवणारी, ती दोन-दोन सेकंदांनी वेळ मोजते, त्यामुळे विषम सेकंदाला काढलेला प्रत्येक फोटो तिच्या लेखी वेगळा. 'मॉडिफाय-विंडो', म्हणजे वेळेतला किती सेकंदांचा फरक सोडून द्यायचा तो पर्याय, एकवर ठेवली आणि यादी कोरी आली.