सेम टू सेम?

"सेम आला ना?"

पुण्यातल्या पाताळेश्वर लेण्याच्या आवारात मित्राला डबक्यावरून पुन्हा पुन्हा उडी मारायला लावणारा एक मुलगा कॅमेऱ्याची स्क्रीन दाखवत होता. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँचा १९३२ चा पॅरिसमधला उडीचा फोटो त्याला हवा होता.

नव्हता सेम. १/१००० सेकंदाच्या शटरनं पाय गोठलेला. टाच पाण्याला लागलेली, त्यामुळे तरंग उठून प्रतिबिंब मोडलेलं. मूळ फोटोत टाच अजून टेकायचीय, माणूस किंचित हललाय. ते हलणं १/१२५ च्या आसपास मिळेल.

पण मूळ फोटोत मागच्या पोस्टरवर तशीच झेप घेणारी नर्तिका आहे! खरं घेण्यासारखं ते, ती जोडी हेरणं. इथं मागे गोल नंदीमंडप होता, खांब थेट पाण्यात उतरलेले. त्याकडे त्यानं एकदा तरी पाहिलं असेल का?