क्लारा शुमान यांची वही

वेंगुर्ले, शुक्रवार

शिकवणीची मुले गेली की अलीकडे मी जर्मन पियानोवादक आणि संगीतकार क्लारा शुमान यांच्याविषयी वाचत बसते. माझा सारा व्यवसाय पेटीचा. आमच्या भागात पेटी म्हणजे भजन, डबलबारी आणि दशावतार, आणि पियानोशी आमचा संबंध जुन्या सिनेमांतल्या गाण्यांपुरताच. तरीही १८१९ साली लाइपझिगमध्ये जन्मलेली ही मुलगी मला परकी वाटली नाही, कारण तिचे आयुष्य वाचताना माझ्या मनात वादनापेक्षा शिकण्या-शिकवण्याचेच विचार अधिक येतात.

चार वर्षांची होईपर्यंत ती जवळजवळ बोलतच नव्हती आणि तिला ऐकू येत नसावे असा घरच्यांचा समज झाला होता. वडील फ्रीडरिख वीक पियानो शिकवत आणि पियानोचा व्यापारही करत. आईवडील वेगळे झाले, तेव्हा तिथल्या कायद्याप्रमाणे मुलगी वडिलांच्या ताब्यात राहिली. वीकने तिला आधी स्वरलिपी शिकवली नाही. ऐकून ऐकून छोटे तुकडे वाजवायला लावले, बोटे सगळ्या पट्ट्यांमधून फिरवून घेतली, आणि लिपी मागाहून आणली. रोज मोकळ्या हवेत फिरायला जाणे सक्तीचे होते, आणि पियानो गळ्यासारखा गायला पाहिजे हा त्याचा आग्रह होता. नऊ वर्षांची असताना, १८२८ मध्ये, ती लाइपझिगच्या गेवांडहाऊस या सभागृहात लोकांसमोर वाजवायला बसली. १८३५ मध्ये तिने स्वतः रचलेला पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे वाद्यवृंदाच्या साथीने पियानोवर वाजवायची मोठी रचना, तिथेच वाजवला आणि वाद्यवृंदाचे संचालन संगीतकार मेंडेल्सझोन करत होते. शिक्षक म्हणून वीकला मी मनापासून मानते. आधी कान, मग हात, आणि त्यानंतर कागद हा क्रम आमच्याकडच्या कुठल्याही जुन्या भजनीबुवाला पटेल.

परंतु याच माणसाची दुसरी एक गोष्ट वाचून मला संताप आला, आणि तो अजून गेलेला नाही. क्लारा सात वर्षांची असताना वीकने तिच्या नावाची रोजनिशी सुरू केली, आणि ती तो स्वतःच लिहीत असे, तिच्या तोंडून, प्रथमपुरुषी. मी आज असे वाजवले, बाबा माझ्यावर रागावले, अशा धर्तीची वाक्ये, आणि अक्षर बाबांचे. पुढे मुलगी स्वतः लिहू लागली, तरी तिने काय लिहायचे यावर त्याची नजर होतीच. मुलीचे मन तिच्या आधी वडिलांनीच वहीत मांडून ठेवावे, ही गोष्ट मला छडीपेक्षा भयंकर वाटते.

रविवार

दिवसभर पाऊस. या हवेत पेटीच्या पट्ट्या फुगतात आणि दाबलेला सूर वर येत नाही. सकाळी फळी उघडून दोन पट्ट्यांच्या कडा कानशीने हलकेच घासल्या.

पेटीत भात्याची हवा आहे तोवर स्वर टिकतो. पियानोत हातोडी तारेवर पडते त्या क्षणापासून स्वर मावळू लागतो, आणि वादकाला तो पुन्हा वाढवता येत नाही. म्हणजे तिथे गाणे हा एक प्रकारे भासच आहे. पहिला स्वर विरत असताना दुसरा नेमक्या वजनाने त्याला जोडून घ्यायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला मधली फट कळत नाही. क्लाराबाई आपल्या शिष्यांना हेच शिकवत. बोटे पट्ट्यांच्या जवळ ठेवायची, वरून आपटायची नाहीत, दाब द्यायचा. त्यांची शिष्या फॅनी डेव्हिस हिने १९२८ मध्ये क्लाराबाईंचे पती, संगीतकार रॉबर्ट शुमान यांचा पियानो कॉन्चेर्टो ध्वनिमुद्रित केला होता, तो आज इअरफोन लावून ऐकला. खरखर पुष्कळ आहे. पण संथ भागात प्रत्येक सुराची कड इतकी मऊ आहे की मी तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावत राहिले. ही रचना १८४५ मध्ये ड्रेस्डेनला प्रथम लोकांपुढे वाजवली ती खुद्द क्लारा यांनी, आणि त्यांचा हात त्यांच्या शिष्येच्या हातातून आज वेंगुर्ल्यात माझ्या कानापर्यंत आला, या विचाराने अंगावर काटा आला.

मंगळवार

लग्नाचा भाग वाचून झाला. वीकचा विरोध, कोर्टकज्जा, आणि अखेर १२ सप्टेंबर १८४० रोजी, तिला एकवीस वर्षे पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी, रॉबर्टशी विवाह. दुसऱ्याच दिवशी रॉबर्टने तिला एक नवी वही दिली, आणि एक आठवडा त्याने, एक आठवडा तिने लिहायचे असे ठरले. वडिलांच्या वहीतून सुटून ती नवऱ्याबरोबरच्या वहीत आली, असे म्हणावेसे वाटते, पण ते अन्यायाचे होईल, कारण इथे निदान तिचे वाक्य तिच्या हातचे होते. अडचण निराळीच होती. रॉबर्ट रचना करायला बसला की घरातल्या पातळ भिंतींमुळे तिला रियाज करता येत नसे.

सगळ्यात जड वाटले ते १८३९ सालचे, लग्नाच्या आधीचे तिचे एक टिपण. आपल्यात रचना करण्याची प्रतिभा आहे असे मला एकेकाळी वाटे, पण तो विचार मी सोडला आहे, बाईने तशी इच्छाच धरू नये, अशा अर्थाचे. अक्षर तिचे, पण बोलणे कोणाचे? वर्षानुवर्षे दुसऱ्याने आपल्या नावाने लिहिल्यावर आपला स्वर आपल्यालाच ओळखू येईनासा होत असेल का? सुदैवाने तिने स्वतःचे हे म्हणणे पुरते ऐकले नाही. १८४६ मध्ये तिने पियानो, व्हायोलिन आणि चेलो यांच्यासाठी ट्रिओ लिहिला आणि तो आजही वाजवला जातो.

१८५४ मध्ये रॉबर्टने ऱ्हाइन नदीत उडी घेतली. त्याला वाचवून बॉनजवळ एंडेनिख इथल्या रुग्णालयात ठेवले, आणि १८५६ मध्ये तो तिथेच गेला. घरात सात मुले, त्यातला सर्वांत धाकटा वडील रुग्णालयात असतानाच जन्मलेला. १८५४ च्याच शरद ऋतूत क्लारा पुन्हा दौऱ्यावर निघाल्या. पुढची कित्येक वर्षे इंग्लंडपासून रशियापर्यंत त्या वाजवत राहिल्या. ते कलेसाठी होते आणि पोटासाठीही, आणि यात कमीपणा मानण्याचे काही कारण मला दिसत नाही.

बुधवार

१८७८ मध्ये फ्रँकफुर्टच्या हॉख संगीत विद्यालयाने त्यांना पियानो शिकवायला बोलावले. संचालक योआखिम राफ यांचे म्हणणे असे की बायकांना आपण इथे नेमत नाही, पण श्रीमती शुमान यांना मी पुरुषच समजतो. असल्या कौतुकाचे काय करायचे? क्लाराबाईंनी मात्र आपल्या अटी नीट मांडल्या. रोज दीडच तास शिकवीन, तेही माझ्या घरी, आणि दौऱ्यांसाठी रजा हवी. ते सगळे मान्य झाले. शिकवणाऱ्या माणसाने स्वतःचा रियाज आणि मैफल सोडायची नसते, हे त्यांनी पगार ठरवतानाच सांगून टाकले, आणि त्यासाठी मला त्यांचा फार आदर वाटतो. हाताचे दुखणे सोसत त्या १८९१ पर्यंत लोकांसमोर वाजवत होत्या आणि १८९२ पर्यंत शिकवत होत्या. १८९६ मध्ये त्या गेल्या.

आज पाचवीतल्या मुलीला भजनाची चाल शिकवत होते. तिसऱ्या ओळीत ती दर वेळी पंचमावर जरा जास्तच थांबत होती. माझे बोट तिच्या बोटावर ठेवून तिला पुढे न्यावे म्हणून हात उचलला, आणि मागे घेतला. तिला विचारले, “इथे का थांबतेस गो?” ती म्हणाली, “बाई, थय बरा वाटता.” पुन्हा ऐकले, तर खरेच बरे वाटत होते, ताल कुठेही सुटत नव्हता.

फ्रँकफुर्टला नव्या मुलांची तयारी मारी आणि ऑयगेनी या मुली करून घेत आणि मगच ती मुले आईसमोर बसत. माझ्याकडेही संगीताची प्रवेशिका परीक्षा झालेल्या दोघी मोठ्या मुली आहेत. गणपतीपर्यंत लहानांचा पहिला अर्धा तास त्यांच्याकडे सोपवायचा आणि तेवढ्या वेळात मी माझी पेटी घेऊन मागच्या पडवीत बसायचे, असे ठरवले आहे. उद्या दोघींच्या आयांशी बोलेन.