माझा अनुभव: नायट्रेटच्या एका रकान्यापाशी अडलेलं काम

जर्मनीतल्या कोब्लेंट्झमध्ये जेमस्टॅट हा नद्या, तलाव आणि भूजलाच्या गुणवत्तेचा जागतिक माहितीसाठा आहे. त्याच्या साच्यात मुठा नदीच्या पाण्याच्या नमुन्यांचे तक्ते बसवायचे होते. ठाण्यांची यादी, पद्धतींचे संकेत, एककं सगळं मार्गी लागलं. अडलं ते नायट्रेटपाशी, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

प्रयोगशाळेच्या अहवालात नुसतं 'नायट्रेट 4.4 मिग्रॅ/लिटर'. पूर्ण नायट्रेट, की त्यातला फक्त नायट्रोजन? फरक 62 (नायट्रेटचा भार) भागिले 14 (नायट्रोजनचा भार), म्हणजे 4.43 पटीचा. पहिलं धरलं तर नायट्रोजन 1 मिग्रॅ, दुसरं धरलं तर नायट्रेट 19.5. भारतीय मानकातली पिण्याच्या पाण्याची 45 ची मर्यादा पूर्ण नायट्रेटची, अमेरिकेची 10 ची नायट्रोजनची; म्हणजे दोन्ही जवळपास एकच. हे लक्षात न घेता दोन देशांचे आकडे शेजारी ठेवले की एखादी नदी उगाच चौपट घाण दिसते. प्रयोगशाळेला विचारलं, तर उत्तर आलं, "अहवाल मंजूर झालाय, आता बदल नाही." बदल मागितलाच नव्हता, एका शब्दाचा खुलासा हवा होता. त्यासाठी चार पत्रं गेली.

शेवटी सुटलं ते प्रमाण द्रावणाच्या, म्हणजे ज्या ठरावीक तीव्रतेच्या द्रावणाशी ताडून नमुना मोजतात त्याच्या, नोंदवहीतून. तुम्हीही अहवालाशी झटत बसू नका, थेट ती वही मागा. एक लिटरला 0.7218 ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट घेऊन '100 मिग्रॅ/लिटर' लिहिलं असेल, तर मोजणी नायट्रोजनची. 0.163 ग्रॅम असेल तर पूर्ण नायट्रेटची. आमच्या वहीत 0.7218 होतं. फॉस्फेटचंही असंच तपासा, तिथे फरक 3.07 पटीचा.

'बीडीएल' (शोधमर्यादेच्या खाली, म्हणजे पद्धतीला मोजता येणार नाही इतकं कमी) लिहिलेल्या जागी शून्य घालू नका, रिकामीही सोडू नका. शोधमर्यादेचा आकडा लिहा आणि '<' हे चिन्ह वेगळ्या रकान्यात द्या. एकाच खान्यात '<0.05' टाकलं की एक्सेल तो आकडा मजकूर समजतं आणि सरासरीतून गाळतं.

अक्षांश दशांशात हवेत. 18 अंश 30 मिनिटं 36 सेकंद म्हणजे 18.51. कुणी घाईत 18.3036 लिहिलं, तर ठाणं सुमारे 23 किलोमीटर दक्षिणेला सरकतं. तारीख 2023-07-03 अशीच लिहा. 03/07 लिहिलं तर जुलैतला पुराचा गढूळ नमुना मार्चमध्ये जाऊन बसू शकतो.

हे आधीच सांगायला हवं होतं: नमुन्याची वेळ आणि पाण्याचं तापमान काठावरच लिहून घ्या. 30 अंशाला पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपृक्त अवस्थेत साडेसात मिग्रॅ/लिटरच्या आसपास असतो. दुपारी दोनला 11 आला, तर लगेच चूक म्हणून खोडू नका. पाणी हिरवं असेल तर तो शेवाळाचा ऑक्सिजन असतो, आणि वेळ लिहिलेली असली की तपासणाऱ्याला ते कळतं.