आपल्याच मंत्र्याला प्रश्न कशासाठी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी आमदारांना विधिमंडळासाठी प्रश्न लिहून देण्याचं काम करते. हे कळलं की पुढचा सवाल बहुतेक ठरलेला असतो: "विरोधकांचं समजू शकतो, पण तुमचे आमदार तर सत्ताधारी पक्षाचे. आपल्याच मंत्र्याला अडचणीत आणून त्यांना मिळतं काय? मंत्रिपद हुकलं म्हणून राग काढतात का?"

राग काढणारेही असतात, ते नाकारत नाही. पण सत्तेतल्या आमदारानं प्रश्न विचारणं ही बंडखोरी नव्हे, ते त्याचं मूळ काम आहे. मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या विधानसभेला जबाबदार असेल, असं राज्यघटनेचा १६४ वा अनुच्छेद सांगतो. विधानसभेला, म्हणजे अख्ख्या सभागृहाला. आपल्या विधानसभेत २८८ आमदार. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीपासून मंत्रिमंडळ सभागृहाच्या १५ टक्क्यांपुढे जाऊ शकत नाही, म्हणजे मुख्यमंत्री धरून जास्तीत जास्त ४३. बाकीचे आमदार कोणत्याही बाजूच्या बाकावर बसोत, सरकारकडून हिशेब घेण्यासाठीच आपण त्यांना तिथे पाठवलेलं असतं.

त्यात मागच्या बाकावरच्या सत्ताधारी आमदाराची अवस्था वेगळी. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर व्हिप, म्हणजे पक्षाचा मतदानाचा आदेश, मोडून मतदान केलं तर आमदारकी जाऊ शकते. विधेयक पटो न पटो, मत पक्ष सांगेल तसंच द्यावं लागतं. भाषणाला वेळ मिळेल की नाही हेही बऱ्याचदा पक्षाच्या प्रतोदावर, म्हणजे सभागृहात पक्षाची शिस्त सांभाळणाऱ्या आमदारावर, अवलंबून. प्रश्नाला मात्र व्हिप लागत नाही. त्यावर सही आमदाराची, आणि उत्तर देणं मंत्र्याला भाग. म्हणून मला हे आयुध सगळ्यांत मोलाचं वाटतं.

आता ते चालतं कसं, ते सांगते, कारण खरी गंमत तिथे आहे. आपल्याकडच्या तारांकित प्रश्नाचा, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात त्याचा, साचा ठरलेला आहे. पहिला भाग "हे खरे आहे काय" असा संपतो. दुसरा "असल्यास" म्हणून सुरू होतो: चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले. तिसऱ्यात, त्यानुसार कोणती कार्यवाही केली. आणि शेवटी, "नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" ही सगळी साखळी पहिल्या भागावर लटकलेली असते. तिथे विभागानं "हे खरे नाही" असं लिहिलं की पुढच्या सगळ्यावर एकच ओळ येते: "प्रश्न उद्भवत नाही." महिनाभराची मेहनत त्या ओळीत संपते.

समजा, एखाद्या ग्रामीण रुग्णालयात सोनोग्राफीचं यंत्र आहे, पण ते चालवायला रेडिओलॉजिस्ट नाही. गरोदर बायका तपासणीसाठी जिल्ह्याच्या गावी जातात. कार्यकर्ता चिडून लिहून आणतो: "अनेक महिन्यांपासून यंत्र धूळ खात पडले असून रुग्णांचे अतोनात हाल होत आहेत, हे खरे आहे काय?" हा प्रश्न पाडायला विभागाला एक दिवस पुरतो. मधे कधीतरी प्रतिनियुक्तीवर डॉक्टर आला असेल, त्यानं चार तपासण्या केल्या असतील, तर यंत्र धूळ खात पडलंय हे कागदावर खरं राहत नाही. उत्तर येतं, "हे अंशतः खरे आहे."

म्हणून मी विशेषणं काढून टाकते. सदर रुग्णालयातील रेडिओलॉजिस्टचे पद कोणत्या दिनांकापासून रिक्त आहे? त्या दिनांकापासून महिनानिहाय किती सोनोग्राफी तपासण्या झाल्या? पद भरण्याचा प्रस्ताव कोणत्या दिनांकास पाठवला, आणि तो सध्या कोणत्या स्तरावर आहे? यात "हे खरे नाही" म्हणायला जागाच उरत नाही. तारीख द्यायची, आकडा द्यायचा, नाहीतर माहिती नाही असं लेखी मान्य करायचं. लोकसभेच्या नियमांतही प्रश्नात तर्क, अनुमान, उपरोध, आरोप, विशेषणं नकोत असं सांगितलंय. नव्या लोकांना तो नियम जाचक वाटतो. मला तो आमदाराच्या बाजूचा वाटतो, कारण शेलकी विशेषणं विभागालाच पळवाट देतात.

असा प्रश्न स्वीकारला गेला की मंत्रालयात हालचाल सुरू होते. कक्ष अधिकाऱ्याकडून जिल्ह्याला निरोप जातो, जिल्ह्याकडून तालुक्याला. "एलएक्यू (विधानसभेचा प्रश्न) आहे, आजच माहिती पाठवा." वर्षभर कुणी न उघडलेली फाईल त्या दिवशी उघडते. कधीकधी सभागृहात प्रश्न पुकारला जाण्याआधीच नेमणुकीचा आदेश निघतो, आणि मंत्री उभे राहून पद भरण्यात आल्याचं सांगतात. आमदाराला टाळ्या मिळत नाहीत, पण रुग्णालयाला डॉक्टर मिळतो. तुम्ही विचारता ना, मिळतं काय? हे मिळतं.

लेखी उत्तरानं भागत नसेल तेव्हा उपप्रश्न, म्हणजे सभागृहात तिथल्या तिथे विचारलेला पुढचा प्रश्न. मंत्र्याजवळ विभागानं तयार केलेली टिपणी असते, अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून चिठ्ठ्या येत असतात. लांबण लावणाऱ्या आमदाराला मंत्री त्यातला सोपा मुद्दा उचलून उत्तर देतात आणि बसतात. एकच गोष्ट विचारणाऱ्याला असं टाळता येत नाही. "पद कोणत्या तारखेपर्यंत भरणार?" बस. यावर मंत्री "तपासून घेतो" किंवा "बैठक लावतो" म्हणाले तरी ते कामकाजात नोंदलं जातं. अशा शब्दांचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती असते. लोकसभेत ती १९५३ पासून आहे, आणि तिथे आश्वासन तीन महिन्यांत पूर्ण करणं अपेक्षित असतं. मुदत टळते, पुनःपुन्हा वाढवून घेतली जाते, हे मी पाहते. तरी नोंद राहते, आणि पुढच्या अधिवेशनात तीच नोंद हातात घेऊन उभं राहता येतं.

सत्तेतल्या माणसानं विचारलं तर कुठवर जाता येतं, याचं माझ्या मनातलं उदाहरण फिरोज गांधींचं. रायबरेलीचे काँग्रेस खासदार, पंतप्रधान नेहरूंचे जावई. १९५६ साली आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण होऊन एलआयसी उभी राहिली. जून १९५७ मध्ये तिनं उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले. त्या डिसेंबरात फिरोज गांधी लोकसभेत उभे राहिले. बाजारात भाव काय होता, एलआयसीनं काय मोजला, आणि विमेदारांचा पैसा अशा कंपन्यांत का घातला, याची त्यांनी आकड्यांनिशी चिरफाड केली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी मुंबईत जाहीर चौकशी केली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. सरकार पडलं नाही, पक्ष फुटला नाही. प्रश्न विचारल्यानं पक्षाचं नुकसान होतं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

या आयुधाची बदनामीही झाली. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्यावरून ११ खासदारांना संसदेतून काढलं गेलं. हे आठवलं की आजही चीड येते, कारण त्यानंतर प्रामाणिक प्रश्नाकडेही लोक "यामागे कोण?" म्हणून पाहू लागले.

दुसरी चीड गोंधळाची. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित (फक्त लेखी उत्तराचे) प्रश्न यादीत असतात. प्रश्नोत्तराच्या तासाभरात त्यातले मोजकेच तारांकित तोंडी उत्तरापर्यंत पोहोचतात. तो तासही घोषणांत गेला की उत्तरं पटलावर ठेवली जातात, म्हणजे नुसती लेखी सादर होतात, आणि उपप्रश्न विचारायचा राहतोच. संसदेच्या सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात कोविडमुळे प्रश्नोत्तराचा तासच नव्हता, फक्त लेखी उत्तरं होती. कारण काहीही असो, उपप्रश्न नसला की मंत्र्याला टिपणीच्या बाहेर यावंच लागत नाही. गोंधळ विरोधकांनी घातला की सत्ताधाऱ्यांनी, यानं त्या रुग्णालयातल्या बाईला काही फरक पडत नाही.

तेव्हा तुमच्या भागातलं काही अडलं असेल तर आमदारांकडे निवेदन घेऊन जाताना तारीख, आदेशाचा क्रमांक आणि जुन्या पत्रांच्या प्रती बरोबर न्या. आमदार कोणत्या पक्षाचे हे बघू नका. "लक्ष घाला" एवढंच म्हणून परत येऊ नका, "यावर तारांकित प्रश्न द्या" असं स्पष्ट सांगा. अधिवेशन संपलं की उत्तराची प्रत मागून घ्या. उत्तर अर्धवट असेल तर उरलेली माहिती माहिती अधिकारात मागा. २००५ च्या त्या कायद्याच्या कलम ८ मध्ये २०२५ पर्यंत स्पष्ट म्हटलं होतं की जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. मिळालेला कागद पुढच्या अधिवेशनाच्या बराच आधी आमदारांकडे पोहोचवा, कारण प्रश्नाच्या सूचना आगाऊ द्याव्या लागतात आणि मुदत गेली की थेट पुढच्या अधिवेशनाची वाट बघावी लागते.